‘चंगळवाद’ म्हणून हात झटकता येणार नाहीत

१९ सप्टेंबर २०२५ रोजी ॲपल या अमेरिकन कंपनीचा आयफोन १७ भारतात विक्रीस आला. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील कंपनीच्या दुकानासमोर आदल्या रात्रीपासूनच रांग लागली होती. काही जण अहमदाबादेहून आले होते. सकाळी रेटारेटी झाली, तिचे पर्यवसान हाणामारीत झाले आणि सुरक्षारक्षकांना मध्ये पडावे लागले. बातमीदारांनी पुढे केलेल्या ध्वनिक्षेपकासमोर कोणी नव्या नारिंगी रंगाची वाखाणणी केली, कोणी कॅमेऱ्याची, तर कोणी ढिसाळ बंदोबस्ताबद्दल संताप व्यक्त केला.

या दृश्यावर दोन भाष्ये ठरलेली असतात. पहिले बाजाराच्या भाटांचे. त्यांना या रांगेत भारताच्या वाढत्या समृद्धीचे दर्शन घडते. या भाष्यात फार वेळ दवडण्याचे कारण नाही. २०२४ साली भारतात विकल्या गेलेल्या स्मार्टफोनांमध्ये या कंपनीचा संख्येने वाटा एकदशांशाहूनही कमी होता. त्या तुटपुंज्या हिश्श्यातील एका दिवसाची एका शहरातील रांग दाखवून राष्ट्राच्या भरभराटीचा पुरावा देणे हे अर्थशास्त्र नव्हे, जाहिरातशास्त्र आहे.

दुसरे भाष्य अधिक गंभीरपणे तपासले पाहिजे, कारण ते समाजवादी चळवळीच्या स्वतःच्या अंगणात ऐकू येते. रांगेचे छायाचित्र पाहून कार्यकर्ता मान हलवतो, ‘चंगळवाद’ हा शब्द उच्चारतो आणि पुढील विषयाकडे वळतो. कोणी हिशेबही मांडतो. महाराष्ट्रात २०२५-२६ साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. ८२,९०० रुपयांचा सर्वांत स्वस्त आयफोन १७ घेण्यास मजुराला २६६ दिवसांची संपूर्ण मजुरी द्यावी लागली असती, आणि त्या वेळी लागू असलेला केंद्रीय कायदा हमी देत होता ती वर्षाकाठी अवघ्या १०० दिवसांची. हिशेब बिनचूक आहे. सभेत त्याला टाळ्याही मिळतात. परंतु टाळ्या ओसरल्यावर मजुराच्या हाती काय पडते, आणि रांगेतल्या तरुणाला काय समजते? पहिल्याला आपले दारिद्र्य आधीच ठाऊक असते. दुसऱ्याला एवढेच कळते की ही मंडळी आपल्याला मूर्ख समजतात.

थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ साली प्रतिष्ठेसाठी केल्या जाणाऱ्या उधळपट्टीची मीमांसा केली, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर रिकामा वेळ असलेला धनिक वर्ग होता. या फोनची ऐट मिरवणाऱ्यांना ती मीमांसा आजही लागू पडते, यात शंका नाही. परंतु स्मार्टफोन ही वस्तू हिऱ्याच्या अंगठीसारखी नाही, आणि चंगळवादाचा सोपा सिद्धान्त नेमका येथे पांगळा ठरतो. घरोघरी जेवण पोहोचवणाऱ्या मुलाला फोनशिवाय एक दिवसही काम मिळत नाही. त्याच्या दृष्टीने फोन म्हणजे विणकराचा माग आहे, आणि तो माग मालकाने न देता त्याने स्वतःच्या पैशाने आणायचा आहे. ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज २०२४ साली मोबाइलवरील ॲपमधून भरले गेले. अंगणवाडी सेविकेने बालकाचे वजन मोजले तरी त्याची नोंद फोनमध्ये झाल्याविना शासनाच्या लेखी ते बालक अस्तित्वात येत नाही. ज्या वस्तूवाचून रोजगार नाही आणि शासनाशी व्यवहार नाही, तिला चैन म्हणून नाक मुरडणे हा सुखवस्तू माणसाचा वैराग्यविलास झाला.

फोनविषयी ग्राहक बोलतो तरी काय, हे ऐकण्याचे कष्ट चळवळीने क्वचितच घेतले आहेत. दर वर्षी नवा फोन येतो आणि तक्रारी त्याच निघतात: किंमत भरमसाट, नवे असे काही नाही, जुना फोन संथ झाला, दुरुस्ती परवडत नाही. या तक्रारींत अर्थशास्त्र ठासून भरलेले आहे. फक्त त्यांचा पत्ता चुकलेला असतो.

किमतीचेच पाहावे. ‘अमेरिकेत स्वस्त, भारतात महाग’ ही सर्वांत लाडकी तक्रार. आयफोन १७ ची अमेरिकेतील किंमत ७९९ डॉलर होती आणि तीत तेथील विक्रीकर धरलेला नसतो. डॉलरचा त्या वेळचा भाव सुमारे ८८ रुपये धरला तर ही रक्कम ७०,३०० रुपयांच्या आसपास जाते. भारतातील ८२,९०० रुपयांतून १८ टक्के वस्तू व सेवा कर वजा केला तर उरतात सुमारे ७०,२५० रुपये. म्हणजे कंपनीने दोन्हीकडे जवळपास सारखीच किंमत लावली. अधिकचे साडेबारा हजार रुपये कराचे. आयफोन घेणाऱ्याने साडेबारा हजारांचा कर भरला म्हणून अश्रू ढाळण्याचे कारण नाही. पण हाच १८ टक्के दर आठ हजारांच्या फोनलाही आहे. जेवण पोहोचवणारा मुलगा तो फोन घेतो तेव्हा त्यातले सुमारे १,२२० रुपये कराचे असतात. अप्रत्यक्ष कर गरिबाच्या खिशाला अधिक मोठे भोक पाडतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवले जाते आणि अर्थमंत्रालयात विसरले जाते.

हा दर पूर्वी १२ टक्के होता. तो १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के झाला. त्याच १ एप्रिल २०२० रोजी मोठ्या प्रमाणावर इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांसाठी उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना अधिसूचित झाली: वाढीव विक्रीवर ४ ते ६ टक्के अनुदान, तरतूद ४०,९५१ कोटी रुपये. घेणाऱ्यावर कर वाढला आणि बनवणाऱ्या कंपनीला अनुदान मिळाले, तेही एकाच तारखेला. पुढे २२ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे वांद्र्याच्या त्या रांगेनंतर तिसऱ्याच दिवशी, करांचे दर कमी झाले. वातानुकूलन यंत्रावरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. फोनवरील कर होता तेथेच राहिला. राज्यकर्त्यांच्या लेखी थंड हवा आणि डिलिव्हरीवाल्याचे उपजीविकेचे साधन एकाच मापाचे ठरले! या अन्यायावर किती मोर्चे निघाले? कार्यकर्ते चंगळवादाचा निषेध करण्यात गुंतले होते.

‘बिनव्याजी हप्ते’ हा दुसरा चमत्कार. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. व्याज कोठे ना कोठे दडवलेले असते. त्यानंतर शब्द बदलले. ‘शून्य व्याज’ गेले आणि ‘विनाखर्च हप्ता’ आला. रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कारकुनाच्या पुढील वर्षभराच्या पगारावर आजच बोजा चढतो आणि तो ऐपत वाढल्याच्या आनंदात घरी जातो.

आता तक्रारींचे पुढे काय होते ते पाहावे. ऑक्टोबर २०२० मध्ये ॲपलने फोनच्या खोक्यातून चार्जर काढून टाकला आणि पर्यावरणरक्षणाचे कारण दिले. (भांडवलदाराला पर्यावरणाची आठवण होते ती बहुधा खर्च वाचत असेल तेव्हाच.) जगभर ग्राहकांनी टवाळी केली. सॅमसंग या प्रतिस्पर्धी कंपनीने त्या टवाळीत जाहीरपणे भाग घेतला, आणि जानेवारी २०२१ मध्ये आपल्याही महागड्या फोनातून चार्जर गुपचूप काढून टाकला. स्पर्धा ग्राहकाचे रक्षण करते, असे पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते. दोन मक्तेदारांमधली स्पर्धा प्रत्यक्षात कशी चालते, त्याचा हा नमुना. टवाळी हवेत विरली. ब्राझीलच्या न्याय मंत्रालयाने मात्र सप्टेंबर २०२२ मध्ये चार्जरविना आयफोन विकण्यास मनाई केली आणि १ कोटी २२ लाख रेआलचा दंड ठोठावला. कंपनीने त्या निर्णयाला आव्हान दिले, हे खरे. तरीही शासनाच्या आदेशाला तिला उत्तर द्यावे लागले; कोट्यवधी ग्राहकांच्या विनोदांना द्यावे लागले नव्हते.

जुना फोन संथ झाल्याची तक्रार तर कित्येक वर्षे भ्रम म्हणून झिडकारली जात होती. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलला कबूल करावे लागले की जुन्या बॅटरीच्या फोनांची गती ती स्वतःच कमी करत होती. फोन अचानक बंद पडू नये म्हणून, असा तिचा खुलासा होता. परंतु ग्राहकाला हे सांगितले गेले नव्हते. बॅटरी बदलून भागले असते तेथे अनेकांनी नवा फोन घेतला असणार. फ्रान्समध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये याच लपवाछपवीबद्दल अडीच कोटी युरोंचा दंड झाला. म्हणजे नव्या फोनच्या रांगेत उभा असलेला प्रत्येक जण हौसेनेच आला, असे धरून चालता येत नाही. त्यातले काही ढकलले गेलेले असतात.

हे फोन बनवणाऱ्यांचीही एक प्रतिक्रिया आहे, आणि तिच्यासमोर ध्वनिक्षेपक क्वचितच धरला जातो. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर येथे फॉक्सकॉनच्या कारखान्यात आयफोन जोडले जातात. डिसेंबर २०२१ मध्ये तेथील कामगार मुलींना वसतिगृहातील जेवणातून विषबाधा झाली. दीडशेहून अधिक जणींना रुग्णालयात न्यावे लागले. हजारो मुलींनी चेन्नई-बंगळूर महामार्ग अडवला. कारखाना बंद पडला, आणि वसतिगृहे व भोजनगृहे आपल्या निकषांत बसत नाहीत हे ॲपलला मान्य करावे लागले. कामाचा दिवस बारा तासांपर्यंत लांबवण्याचा कायदा कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये केला. तामिळनाडूनेही त्याच वर्षी एप्रिलमध्ये तसे विधेयक संमत केले, पण कामगार संघटनांच्या विरोधापुढे ते १ मे रोजी मागे घेत असल्याचे जाहीर करावे लागले. बारा तासांचा दिवस आणि वर्षागणिक नवा फोन ही एकाच यंत्राची दोन चाके आहेत. विक्री ठरलेल्या तारखेला व्हायची तर जोडणी रात्रपाळीत व्हावीच लागते.

उत्पादक आणि ग्राहक यांची अशी सांगड घालणे हे या महाराष्ट्रात काही नवे नाही. १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतील स्त्रिया महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत एकत्र आल्या. लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या गृहिणी ग्राहकच होत्या. तेल, साखर, रॉकेल यांसाठी त्या रांगेत उभ्या राहत, आणि त्या रांगेतूनच मोर्चा निघे. त्यांना चंगळवादी म्हणण्याचे धाडस कोणी केले नाही. ग्राहकाचा प्रश्न तेव्हा समाजवाद्यांचा प्रश्न होता. पुढे तो जाहिरातदारांच्या आणि तक्रार निवारण मंचांच्या हवाली करण्यात आला.

त्या लाटण्यांचा वारसा कोणी चालवला, हे पाहण्यास फार दूर जावे लागत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल फोन शासनाला परत केले. फोन निकृष्ट होते, पोषण नोंदणीच्या ॲपचा भार त्यांना पेलत नव्हता, ॲप इंग्रजीत होते आणि दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांवर पडत होता. फोनविषयीची याहून प्रखर प्रतिक्रिया देशात दुसरी क्वचितच उमटली असेल. तरीही तिची गणना ‘मानधनवाल्यांच्या मागण्यां’त झाली, फोन वापरणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न तीत मांडला गेला आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही.

तो प्रश्न आज दुरुस्तीच्या हक्काच्या रूपाने उभा आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत, तालुक्याच्या बसस्थानकाबाहेरील टपरीत जो कारागीर फोन उघडून बसतो, त्याच्या धंद्यावर कंपन्या कुलूप लावत आहेत. सुटा भाग अस्सल असला तरी कंपनीच्या संगणकाने ओळख पटवल्याखेरीज फोन तो नीट स्वीकारत नाही. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल उघडले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. त्यावर कंपन्या स्वेच्छेने माहिती देतात. युरोपीय संघाने मात्र २० जून २०२५ पासून बंधनच घातले आहे: फोनचे मॉडेल बाजारातून गेल्यावरही सात वर्षे त्याचे महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत. स्वस्त फोनवरील कर उतरवणे आणि असा कायदा करून घेणे, या मागण्या येत्या अधिवेशनावरील मोर्चात अंगणवाडी सेविका, डिलिव्हरी कामगार आणि टपरीवाले कारागीर यांना खांद्याला खांदा लावून मांडता येतील. वांद्र्याच्या रांगेतल्या हप्तेवाल्या कारकुनालाही त्यात यायला अडचण नाही.

अमेरिकेतील ओरेगन राज्याने मार्च २०२४ मध्ये सुट्या भागांना असे कुलूप लावण्यास बंदी करणारा कायदा केला. विधेयक समितीपुढे असताना ॲपलने आपला प्रतिनिधी विरोधात साक्ष देण्यासाठी पाठवला होता. रंग, कॅमेरा आणि किंमत यांवरील ग्राहकांच्या नाराजीला उत्तर देण्यासाठी कंपनीने असा प्रतिनिधी कोठेही पाठवल्याचे ऐकिवात नाही.