घटमाला किती युनिटांची?

कोपरखैरण्याहून आमच्या महाविद्यालयात येणारा बारावीचा एक विद्यार्थी गेल्या वर्षी दोन कागद घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या वडिलांना विजेवर चालणारी स्कूटर घ्यायची होती. एका कागदावर घटमालेचे माप होते ४८ व्होल्ट, ३० अँपिअर-तास. दुसऱ्यावर ६० व्होल्ट, २६ अँपिअर-तास. किंमत सारखीच. "तीस मोठे, म्हणून पहिली घ्या," असे दुकानदाराने सांगितले होते, आणि भौतिकशास्त्र शिकणाऱ्या या मुलालाही ते पटले होते!

विद्यार्थी मित्रांनो, आपण हिशेब करून पाहू. अँपिअर-तास हे ऊर्जेचे माप नव्हे, ते विद्युतभाराचे माप आहे. १ अँपिअर-तास म्हणजे ३६०० कूलोम. प्रत्येक कूलोममागे किती ज्यूल ऊर्जा मिळते, हे व्होल्ट सांगतात. म्हणून दोहोंचा गुणाकार करायचा. पहिलीत ४८ × ३० = १४४० वॅट-तास, तर दुसरीत ६० × २६ = १५६० वॅट-तास. म्हणजे अनुक्रमे १.४४ आणि १.५६ किलोवॅट-तास. घरच्या मीटरवरचे 'युनिट' ते हेच. एका युनिटात ३६ लक्ष ज्यूल. तेव्हा सरस ठरली ती दुसरी!

"पण एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर?" हा प्रश्न मात्र सगळे आधी विचारतात. २०२० साली बाजारात आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्ही या मोटारीची घटमाला ३०.२ युनिटांची होती, आणि 'एआरएआय' या पुण्याच्या संस्थेने प्रमाणित केलेला तिचा पल्ला ३१२ किलोमीटर होता. भागाकार केला, तर किलोमीटरला सुमारे ९७ वॅट-तास खर्च येतो. समजा, शीव-पनवेल मार्गावरील गर्दीत, वातानुकूलन चालू ठेवून हा खर्च १५० वर गेला. मग पल्ला उरेल जेमतेम २०० किलोमीटर. रस्ता, वेग आणि ओझे यांप्रमाणे पल्ला रोज बदलतो. घटमालेची धारणक्षमता तशी रोज बदलत नाही. ती वर्षानुवर्षांच्या वापराने हळूहळू घटते.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की वाहनाच्या जाहिरातीत किलोमीटरांच्या आधी युनिटे ठळक छापली पाहिजेत. आणि शिक्षकांनी युनिटचा धडा वीजबिलापाशीच न थांबवता, विद्यार्थ्यांना रस्त्यावरील एखाद्या वाहनाच्या घटमालेचे गणित करायला लावावे. कुटुंबाचे काही हजार रुपये ज्या आकड्यावर ठरतात, तो आकडा घरातल्या दहावीच्या मुलाला तपासता आलाच पाहिजे. त्यासाठी लागतो तो फक्त एक गुणाकार!