योगवर्गात गांजा नको

अमेरिकेत कॅलिफोर्निया, कोलोरॅडोत गांजा ओढून आसने करण्याचे वर्ग उघडपणे चालतात. मोबाइलवरून ती हवा नागपुरातल्या नंदनवनच्या पोरांपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. साधूंची चिलीम दाखवून तिचे समर्थनही होते. पतंजलींनी योगसूत्रांतील कैवल्यपादाच्या पहिल्याच सूत्रात सिद्धींच्या साधनांमध्ये औषधी मोजली आहे, हे खरे. पण योगाच्या अष्टांगांत तिला जागा नाही.

गांज्याने नाडी वाढते, तोल जातो, एकदम उठताना रक्तदाब घसरून भोवळ येऊ शकते. शीर्षासनात मानेवर भार आला की थांबायचे कधी, हे दुखणेच सांगते. नशेत ते बोथट होते. शिवाय १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने थोडा गांजा बाळगला तरी वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

रामनगरचे जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ या शहराला अनेक दशके विनामूल्य योग शिकवत आले, तेही कुठल्याही नशेविना. योगशिक्षकांनी नव्या साधकाला रक्तदाबाबरोबर नशेबद्दलही विचारावे, पण रागावून नव्हे. उत्तर 'हो' आले तर त्या दिवशी आसने थांबवावीत आणि त्याला मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागाची वाट दाखवावी.