घाट नवा, जकात जुनी

जुन्नरहून घाटघरमार्गे नाणेघाटाच्या माथ्यावर पोहोचले की वाटेच्या कडेला एक मोठा दगडी रांजण दिसतो. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल याच चिंचोळ्या खिंडीतून जुन्नरच्या पेठेत येई आणि व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात या रांजणात टाकली जाई, अशी पिढ्यान्‌पिढ्या समजूत आहे. जवळच्याच लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख असून त्यातील दानाचे आकडे अंकांत कोरलेले आहेत. हिशेब दगडावर लिहून ठेवणारा हा मुलूख आहे.

जकात भरून घाट चढलेल्या व्यापाऱ्याचे खरे भांडवल मात्र रांजणात पडत नसे. ते होते त्याची पत. जुन्नरच्या लेण्यांतील एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. अन्य काही लेखांत शेतांचे उत्पन्न कारागिरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून सोपवल्याचे उल्लेख येतात. दोन हजार वर्षांपूर्वी लोक व्यावसायिकांच्या संघाकडे निर्धास्तपणे ठेव ठेवत, यातच त्या काळच्या बाजारपेठेची प्रतिष्ठा दिसते.

पुढे हेच जुन्नर हातकागदासाठी नावाजले आणि जुन्नरी कागद दफ्तरांतून वापरला गेला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात नारायणगावजवळ खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या ऑप्टिकल फायबरने एकमेकींशी जोडलेल्या आहेत. त्याच दशकात, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले. म्हणजे काचेच्या तंतूतून संदेश वाहून नेणारी विद्या या तालुक्याला परकी नाही. प्रश्न आहे तो त्या तंतूवर चालणाऱ्या व्यापाराचा.

या व्यापाराने पहिला आघात केला तो माहितीवर. परगावचा भाव आधी कळणे हाच पूर्वी अनेकांचा नफा होता. आज नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरण्यापूर्वीच दूरच्या बाजारांतील भाव शेतकऱ्याच्या मोबाइलवर आलेला असतो. केवळ भाव ठाऊक असण्याची कमाई संपली. मालाची प्रतवारी, वेळेवर पैसे आणि दिलेला शब्द यांची कमाई मात्र शिल्लक आहे.

दुसरा आघात अधिक खोल आहे. जुन्नर, मंचर, घोडेगाव येथील व्यापारी घराण्यांतील तरुण पिढीला आता दुकानाच्या चार भिंती अपुऱ्या वाटतात आणि ते स्वाभाविकच आहे. ऑनलाइन बाजारात माल मांडताच साऱ्या देशाचे गिऱ्हाईक दिसू लागते. पण हा नवा घाट आहे आणि त्याचीही जकात आहे. समजा, शंभर रुपयांची विक्री झाली. त्यातील पंधरा रुपये बाजार चालवणाऱ्या कंपनीचे, आठ पोहोचवणुकीचे, चार परत आलेल्या मालाचे आणि सत्तर खरेदीचे गेले, तर हाती तीन रुपये उरतात. विक्रीचा आकडा फुगतो आणि गल्ला तेवढाच राहतो.

तरीही जकात ही खरी चिंता नव्हे. नाणेघाटातील रांजण पैसे घेई, गिऱ्हाईक ठेवून घेत नसे. नवा घाट बहुधा दोन्ही घेतो. गिऱ्हाइकाचे नाव, त्याची आवड, त्याची पुढची गरज हे सारे कंपनीच्या वहीत नोंदले जाते. दुकानदाराला मिळतो तो केवळ पार्सलवर चिकटवण्याचा पत्ता. समाजमाध्यमावरील पानाचेही तेच. हजारो अनुयायी जमले तरी ते पान परक्या जागेत मांडलेले दुकान असते. नियम बदलला की रस्ता बंद होतो.

मग इंटरनेटकडे पाठ फिरवावी काय? मुळीच नाही. पुण्यातील ॲग्रोस्टार या कंपनीचे उदाहरण बोलके आहे. शार्दूल आणि सितांशु शेठ या बंधूंच्या या स्टार्टअपने शेतकऱ्याला ॲप शिकवण्याचा हट्ट धरला नाही. त्याने मिस्ड कॉल द्यावा, कंपनीने उलट फोन करून त्याची अडचण ऐकावी आणि बी-बियाणे घरी पोहोचवावे, अशी त्यांची सुरुवात होती. पुढे याच कंपनीने गावोगावच्या दुकानदारांना आपल्या व्यवहारात सामील करून घेतले. तंत्रज्ञानाच्या बळावर उभ्या राहिलेल्या उद्योगालाही अखेर ओळखीच्या उंबरठ्याची गरज भासली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

तो उंबरठा व्यापारी घराण्यांपाशी आधीपासूनच आहे. ऑनलाइन बाजाराचा उपयोग नवे गिऱ्हाईक मिळवण्यासाठी अवश्य करावा. परंतु दुकानात येणाऱ्या प्रत्येकाची नोंद त्याच्या संमतीने आपल्या वहीत असावी, मग ती वही कागदाची असो वा संगणकातील. एकाच कंपनीवर निम्म्याहून अधिक विक्री विसंबू देऊ नये. जाहिरातीतील छायाचित्र आणि पेटीतील माल यांत अंतर पडू देऊ नये. दर महिन्याला विक्री नव्हे, तर जकात वजा जाता उरलेली रक्कम मोजावी.

घरातील मुलगा किंवा सून नव्या व्यवसायाची योजना मांडील तेव्हा वडीलधाऱ्यांनी मोबाइल बाजूला सारण्याचा उपदेश करू नये. त्यांनी एकच प्रश्न विचारावा : या धंद्यात गिऱ्हाइकाचे खाते कोणाच्या वहीत राहणार? दिवाळीला वहीपूजन करणाऱ्या घरात तरी या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असले पाहिजे.