पाहुण्याची सायकल

पाहुण्याला आपलें शहर दाखविणें हा यजमानाच्या धर्माचा एक भाग आहे, याविषयीं दुमत नाहीं. तें कसें दाखवावें, याविषयींच काय तें दुमत आहे. आणि आमच्या सुशिक्षित मध्यम वर्गानें हा प्रश्न आपल्यापुरता केव्हांच निकालांत काढला आहे. पाहुणा स्टेशनावर उतरला, कीं त्याला मोटारींत घालावयाचें, कांचा वर करावयाच्या, आणि पंचवटीच्या अलीकडे गाडी उभी करण्यास जागा मिळेल तेथपर्यंत न्यावयाचें. तेथून रामकुंड, काळाराम, सीतागुंफा हें सारें तासाभरांत उरकावयाचें. दुपारीं त्र्यंबकेश्वर, सायंकाळीं एखादी द्राक्षांची बाग, आणि रात्रीं ताटावर बसल्यावर विचारावयाचें, "काय, कसें वाटलें आमचें नाशिक?" पाहुणा सभ्य असल्यामुळें "छान" म्हणतो. वस्तुतः त्यानें नाशिक पाहिलेलें नसतें. नाशिकच्या चौकांतील तांबडे दिवे मात्र भरपूर पाहिलेले असतात. या आतिथ्याविरुद्ध, आणि त्याच्या मुळाशीं असलेल्या एका मोठ्या दांभिकपणाविरुद्ध, मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे. परकें शहर पाहण्यास सायकलीसारखें साधन नाहीं. ज्या शहरांत पाहुण्याच्या हातीं सायकल देण्याची यजमानाला भीति वाटते, तें शहर त्यांत राहणाऱ्यांनाहि नीट नांदूं देत नाहीं. आणि सायकलीचा अभिमान मिरविणाऱ्या नाशिकांत ही भीति असावी, ही गोष्ट लाजिरवाणी आहे.

पायीं चालणाऱ्याला शहर बारकाईनें दिसतें, पण थोडें दिसतें. मोटारींत बसलेल्याला पुष्कळ दिसतें, पण त्यांतलें कांहीं लक्षांत राहत नाहीं. सायकलस्वार या दोहोंच्या मधला. जुनें नाशिक टेकड्यांवर वसलेलें आहे, हें मोटारींतून कळत नाहीं. पेडल मारणाऱ्याच्या पोटऱ्यांना तें पहिल्याच चढावर कळतें. सराफ बाजारांतून दहीपुलाकडे उतरतांना ब्रेक दाबावा लागतो, आणि पावसाळ्यांत पाणी येथेंच कां सांचतें, या प्रश्नाचें उत्तर कोणाला न विचारतां मिळून जातें. गोदेच्या पात्रांत उभा असलेला दुतोंड्या मारुति म्हणजे नाशिककरांचा पूर मोजण्याचा गज. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलें, कमरेला लागलें, छातीला लागलें, यावरून गांव पुराचा अंदाज बांधतें. मोटारींतल्या पाहुण्याला ही मूर्ति पुलावरून क्षणभर दिसते, न दिसते. सायकलवाला मात्र कठड्याला सायकल टेकवतो, शेजारच्या फुलवाल्याला विचारतो, आणि २००८ च्या, २०१६ च्या आणि २०१९ च्या पुराची हकीकत ऐकूनच पुढें जातो. शहर पाहणें म्हणतात तें याला.

गेल्या हिवाळ्यांत माझा एक कॉलेजांतला जुना मित्र चार दिवसांसाठीं आमच्याकडे उतरला होता. सारा जन्म मुंबईच्या लोकलगाडींत गेलेला हा गृहस्थ, सकाळचा चहा होतांच त्यानें विचारलें, "वहिनी, घरांत एखादी सायकल आहे का?" आमच्या घरांत एकच शांतता पसरली. "भावजी, सायकल कशाला? गाडी आहे, आणि हे रिकामेच आहेत," असें उत्तर मिळालें. अखेर मुलाची धूळ खात पडलेली सायकल बाहेर काढली, हवा भरली, चेनला तेल दिलें, आणि स्वारी निघाली. "पाहुण्यांना सायकलीवर पाठवलेंत? गाडी बिघडली का?" असें शेजाऱ्यांनीं दिवसभरांत तीनदां विचारलें. या प्रश्नांत कुतूहल थोडें होतें आणि कींव पुष्कळ होती.

दुसऱ्या रात्रीं मित्र मला म्हणाला, "अरे, तुमच्या गांवांत सायकलवाल्यांच्या दोन जाती आहेत, आणि त्यांच्यांत रोटीबेटी तर सोडच, रामरामसुद्धां नाहीं." त्यानें पाहिलें तें खोटें नव्हतें. पहांटे गंगापूर रोडवर शिरस्त्राणें घातलेले, घट्ट कपड्यांतले, हजारों रुपयांच्या हलक्या सायकलींवरचे लोक जातात. ते डॉक्टर आहेत, वकील आहेत, व्यापारी आहेत. घरीं परतून तेच लोक मोटारींतून कामावर जातात. तासाभरानें सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांकडे दुसरी रांग लागते. हँडलला डबा, मडगार्ड खिळखिळें, मागें दिवा नाहीं. पहिल्याच्या सायकलीला आपण छंद म्हणतों, दुसऱ्याच्या सायकलीला गरिबी म्हणतों. आणि जिला साधें वाहन म्हणावें, अशी सायकल आमच्या शब्दकोशांतूनच नाहींशी झाली आहे.

दांभिकपणा म्हणतों तो हाच. २०१५ सालीं डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारें ४,८०० किलोमीटरांची 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही शर्यत दोघांच्या संघानें नऊ दिवसांच्या आंत पुरी केली. असें करणारा तो पहिला भारतीय संघ. नाशिकला त्याचा अभिमान वाटला, आणि तो वाटावयासच हवा होता. येथून सायकलींची वारी पंढरपुरास जाते, तिचेंहि कौतुक होतें. परंतु ४,८०० किलोमीटरांच्या पराक्रमाला टाळ्या वाजविणारें शहर चार किलोमीटरांवरच्या मंडईंत सायकलीनें जाणाऱ्याला हंसतें, याचा अर्थ काय? आपल्याला सायकल आवडत नाहीं. सायकलीवरचा विजय तेवढा आवडतो.

पूर्वीं असें नव्हतें. तीसचाळीस वर्षांमागें महाराष्ट्रांतल्या बहुतेक बऱ्या गांवीं भाड्याच्या सायकलींचें दुकान असे. वहींत नांव आणि वेळ लिहिली, कोणाकडे उतरलों तें सांगितलें, कीं तासाच्या भाड्यानें सायकल मिळे. यजमानाचें नांव हेंच तारण. त्याच्याहि आधीं सायकलीला नगरपालिकेचा कर असे, बिल्ला असे, आणि रात्रीं दिवा नसला तर पोलीस दंड करी. कर आणि दंड कोणाला गोड वाटत नाहींत. पण सायकल हें वाहन आहे आणि रस्त्यावर तिचा हक्क आहे, ही कबुली त्यांत होती. आज कर गेला, बिल्ला गेला, आणि त्यांच्याबरोबर हक्कहि गेला. २०१७ नंतर पुण्यांत आणि मागोमाग नाशिकांत मोबाइलवरून भाड्यानें घ्यावयाच्या सायकलींच्या योजना वाजतगाजत निघाल्या. त्या टिकल्या नाहींत. टिकाव्या कशा? रस्ता होता तसाच ठेवला, आणि त्याच्या कडेला सायकली आणून उभ्या केल्या. विहिरींत पाणी नसतां नवा पोहरा विकत घेण्यांतला हा प्रकार.

यावर आक्षेप ठरलेले आहेत. पहिला, अंतरें वाढलीं. कॉलेज रोडवरून रामकुंड पांच किलोमीटरांच्या आंतबाहेर आहे आणि पांडवलेणीं आठदहा. धडधाकट माणसाला हें अंतर म्हणजे कांहीं मोहीम नव्हे. दुसरा, ऊन. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंचीवर आहे, आणि वर्षाचे निदान सातआठ महिने येथील सकाळसंध्याकाळ सायकलीसाठींच नेमल्यासारख्या असतात. तिसरा, सायकल ही थोड्या लोकांची हौस आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणें देशांतील शेंकडा सुमारें ४५ कुटुंबांपाशीं सायकल होती, आणि मोटार शेंकडा ५ कुटुंबांपाशींहि नव्हती. हौस कोणाची आणि रस्ता कोणाला, हें वाचकांनींच ठरवावें.

चौथा आक्षेप धोक्याचा. तो खरा आहे, आणि म्हणूनच त्याचा विचार थांबून केला पाहिजे. माझा मित्र तिसऱ्या दिवशीं महामार्गावरच्या एका चौकांत सायकल हातीं धरून किती तरी वेळ खोळंबून राहिला. पलीकडे जाण्यास वाट म्हणून नव्हती, आणि रस्त्याची कड होती तिच्यावर मोटारी उभ्या होत्या. घरीं आल्यावर आम्हीं सर्वांनीं त्याला एकमुखानें सांगितलें, "आतां पुरे कर ती सायकल." यांतला तर्क पाहा. धोका मोटारी करतात, आणि उपाय म्हणून सायकल घरीं ठेवावयाची! पाहुण्याला आपण गाडींत बसवूं शकतों. परंतु सातपूरच्या कामगाराला कोणाच्या गाडींत बसवणार? त्याला उद्यां पुन्हां त्याच चौकांतून जावयाचें आहे.

"तें हॉलंडांत ठीक आहे," असें येथें कोणी तरी म्हणतोच. हॉलंडचे लोक जणूं सायकलीसकटच जन्मास येतात! १९७१ सालीं त्या चिमुकल्या देशांत रस्त्यांवरच्या अपघातांत ३,००० हून अधिक माणसें दगावलीं. त्यांत ४०० हून अधिक मुलें होतीं. तेव्हां आईबापें रस्त्यावर उतरलीं, आणि मुलांची हत्या थांबवा, हेंच त्यांच्या चळवळीचें नांव झालें. १९७३ च्या तेलटंचाईंत तेथें कांहीं रविवारीं मोटारी बंद राहिल्या, आणि मोकळा रस्ता कसा असतो तें लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें. आज तेथें दिसतात त्या सायकलींच्या वाटा भांडून मिळविलेल्या आहेत. आमच्याकडे तर भांडण्याचें अर्धें काम सरकारनेंच करून ठेवलें आहे: रस्ते माणसांच्या सोयीसाठीं आखावे, वाहनांच्या सोयीसाठीं नव्हे, असें राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणांत २००६ सालींच लिहिलें आहे. कागदावरचें रस्त्यावर आणण्याचें तेवढें राहिलें.

चौथ्या दिवशीं, आमचा सल्ला न मानतां, मित्र पांडवलेण्यांवर जाऊन आला. तेथें नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात याचे लेख कोरलेले आहेत. सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींचा हा अधिकारी आपल्या पुण्यकृत्यांत काय सांगतो? भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथें चौसोपी निवारे बांधले, विहिरी खणल्या, आणि तापी, दमण इत्यादि नद्यांवर उतारूंसाठीं फुकट तरींची सोय केली. यांतलें गोवर्धन आमच्या नाशिकजवळचेंच. पायीं येणाऱ्या अनोळखी माणसाला नदी ओलांडतां यावी, ही गोष्ट त्याला दगडावर कोरून ठेवण्याजोगी वाटली. त्याच डोंगराच्या पायथ्याशीं आज महामार्ग धांवतो, आणि तो ओलांडतांना सायकलवाल्याचा जीव मुठींत असतो.

दर बारा वर्षांनीं सिंहस्थाच्या निमित्तानें नाशिकचे रस्ते रुंद होतात. २०१५ चा सिंहस्थ झाला. २०२६-२७ चा त्याच्या पाठचा. रुंद झालेल्या रस्त्याची जादा रुंदी उभ्या मोटारी गिळतात, हा अनुभव सर्वांचा आहे. तेव्हां मागणी एवढीच: त्या रुंदींतली दोन हात जागा कठडा घालून सायकलीसाठीं राखावी, आणि तेथें गाडी उभी करणाऱ्याला, मग तो कोणी कां असेना, दंड व्हावा. नाशिकरोड स्टेशनावर आणि बसस्थानकावर तासाच्या भाड्याची सायकल पुन्हां मिळावी. आमच्या कॉलेजांतून प्राध्यापकांच्या मोटारींना सांवली असते. निदान तितकीच सांवली विद्यार्थ्यांच्या सायकलींना असावी.

हें सारें महापालिकेचें काम आहे, असें म्हणून वाचकांनीं मात्र सुटूं नये. रस्ता बदलण्यापूर्वीं आमच्या दिवाणखान्यांतली समजूत बदलली पाहिजे, आणि ती बदलण्यास कोणाच्या ठरावाची गरज नाहीं. पुढच्या सुटींत आपल्याकडे कोणी स्नेही येईल. त्याला मोटारीची किल्ली दाखविण्याआधीं जिन्याखालची सायकल पुसून, हवा भरून त्याच्यापुढें ठेवावी. आणि जमल्यास आपणहि एक घेऊन त्याच्याबरोबर निघावें. ज्या चौकांत आपल्या पाहुण्याची आपल्याला काळजी वाटेल, त्या चौकाविषयीं दुसऱ्या दिवशीं महापालिकेला पत्र लिहावें. अशीं शेंदोनशें पत्रें गेलीं, तर तीं वाचावींच लागतील.