रोहित बघायचा तर गप्प बसा

गेल्या आठवड्यात नवऱ्याच्या मोबाइलवर एक फर्मान आलं. पहाटे साडेचारला विश्रामबागेत जमणे. कपडे खाकी, मातकट किंवा हिरवट. अत्तर लावू नये, चकाकणारे दागिने घालू नयेत, बांगड्या वाजू देऊ नयेत. मोबाइल मुका करावा. आणि सगळ्यात शेवटी ठळक अक्षरांत : तळ्यावर बोलू नये, अगदीच गरज पडली तर कुजबुजावे.

आता सांगलीत कुजबुजण्याची परंपरा नाही. आमच्याकडे गुपितसुद्धा रस्त्याच्या या कडेहून त्या कडेला सांगतात. मला तर वाचूनच घशाला कोरड पडली. शिवाय पहाटेचं आणि माझं वैर या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. मॉर्निंग वॉकवाल्यांवर लिहिलं होतं तेव्हा त्यातल्या काहींनी माझ्याशी बोलणं टाकलं, ते अजून तसंच आहे. (त्यातले दोघं या सहलीला होते. कुजबुजलेसुद्धा नाहीत.)

पण नवऱ्यानं निवृत्तीनंतर लेन्स घेतली आहे. तिची किंमत मी विचारली नाही, कारण उत्तर मिळालं असतं. ही लेन्स डिकीत ठेवायची नसते. तिला धक्का लागतो, थंडी बाधते, धूळ सोसत नाही. म्हणून ती मागच्या सीटवर खिडकीशी बसते आणि मी मधे. माझ्या पलीकडे या खेपेला सासूबाई होत्या. त्यांचं माहेर खटाव तालुक्यातलं, येरळेकाठचं. आम्ही तिकडेच निघालोय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग मला जाता जाता भावाकडं सोडा, नातीच्या लेकराचं बारसं हाय." त्या डाळिंबी नऊवारी नेसून, नथ घालून, दोन्ही हातांत डझनभर हिरव्या बांगड्या भरून विश्रामबागेत उभ्या राहिल्या तेव्हा आमच्या पक्षीवाल्या कंपूचे म्होरके, ज्यांना सगळे सर म्हणतात, क्षणभर आकाशाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "काकू, जरा मातकट रंग असता तर..."

"बारशाला मातकट नेसून जाऊ?" सासूबाईंनी विचारलं. चौकातली दोन कुत्री उठून बसली.

कुठे निघालो होतो ते एकदा सांगून टाकते, म्हणजे मोकळी होईन. मायणी आणि येरळवाडी, तालुका खटाव, जिल्हा सातारा. मायणीचा तलाव ब्रिटिश अमदानीतला. येरळवाडीचं धरण येरळा नदीवर, आणि हीच येरळा पुढे आमच्या जिल्ह्यात येऊन ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. हिवाळ्यात इथे रोहित येतात, म्हणजे फ्लेमिंगो. आसपासचे तलाव धरून या भागाला राज्य सरकारनं २०२१ साली पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र केलं. सरकारचा पक्षी सप्ताहही असतो, ५ ते १२ नोव्हेंबर. एका टोकाला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, दुसऱ्या टोकाला सालिम अलींचा. रोहिताची चोच वाकडी असते आणि तो ती पाण्यात उलटी धरून चिखलपाणी गाळून खातो. त्या खाण्यातल्या रंगद्रव्यानं त्याला गुलाबी रंग चढतो. त्याला पाणी लागतं, पण उथळ. पाय टेकायला हवेत. त्यामुळे तलाव काठोकाठ भरला की गावकरी खूश आणि पक्षीवाले सुतकात. खटावसारख्या दुष्काळी तालुक्यात उभं राहून "यंदा पाणी जरा जास्तच आहे" असं हळहळत म्हणणारी माणसं मी या सहलीत पहिल्यांदा पाहिली. मोठ्यांदा म्हणाली असती तर मार खाल्ला असता. कुजबुजण्याचा नियम बहुधा त्यासाठीच असावा.

तासगाव अंधारात गेलं. विट्याला चहा झाला. तळ्यावर पोचलो तेव्हा पूर्वेला नुसतं फटफटलं होतं आणि गारठा असा की दुर्बीण डोळ्याला लावली की भुवईला चटका बसायचा. सगळे एका ओळीत बसले. तिवया उभ्या राहिल्या. रोहित होते, पण पार पलीकडच्या काठाला, नुसत्या डोळ्यांना पांढुरक्या रेघेएवढे. अलीकडे चक्रवाकांची जोडी, शेकाटे, थापटे आणि काळे कुळकुळीत वारकरी. पण त्यांच्याकडे कोण बघतो? लेन्सा सगळ्या रेघेकडे. तेवढ्यात एक मोबाइल खणखणला. अर्थात फर्मान काढणाऱ्या सरांचाच.

सासूबाई गाडीत थांबायला तयार नव्हत्या. शाल गुंडाळून बांधावर बसल्या. मी त्यांच्या डोळ्यांना दुर्बीण लावून दिली. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "काय खात्यात ही?"

"शेवाळ, बारीक किडे. चिखलातलं."

"दाणं न्हाईत खात?"

"नाही."

"मग ऱ्हाऊद्यात," असं म्हणून त्यांनी दुर्बीण परत दिली. रोहितांचा विषय संपला. आमच्या कंपूनं तिथे आणखी दोन तास घालवले.

खरं तर लेख रोहितांवर लिहायचा होता. संपादकांना तसं सांगूनही ठेवलं होतं. पण नऊच्या सुमाराला आम्ही सासूबाईंना सोडायला त्यांच्या माहेरी गेलो आणि मामांनी सगळ्यांनाच चहाला बसवलं. मामांच्या घरामागे शाळूचं एक रान आहे. वावभर उंच ताटं, कणसं दुधातून नुकती हुरड्यात आलेली. सर चहा पीत मोबाइलवर दिसलेल्या पक्ष्यांची यादी भरत होते. सासूबाईंनी कप खाली ठेवला आणि मान एका बाजूला कलती केली. मला काहीच ऐकू आलं नाही. त्या म्हणाल्या, "आली धाड."

मग मला ऐकू आलं. एकाच वेळी शेकडो जणींनी किरकिर लावावी तसा आवाज. बांधावरची बाभूळ बघता बघता भरली. भोरड्या! सरांनी वर बघितलं, "रोझी स्टार्लिंग" म्हणाले आणि पुन्हा मोबाइलमध्ये गेले. एकानंही लेन्स उचलली नाही. भोरडी सगळीकडे असते, तिचा फोटो टाकला तर कुणी विचारत नाही, असं मला नवऱ्यानं नंतर समजावलं.

सासूबाई मात्र उठल्या होत्या. "आता सगळ्या एकदम न्हाई उतरायच्या. आधी दोन-चार येतील, त्या कणसावर बसून वर बघतील. त्यास्नी कुनी हटकलं न्हाई की मग सगळा गोतावळा." अगदी तसंच झालं. चार उतरल्या. गुलाबी अंग, डोकं-पंख-शेपूट काळी, काही पोरवयाच्या नुसत्या मळकट. कणसाला उलट्या लटकून दाणा काढायच्या. ताट वाकायचं आणि दुधाचा पांढरा थेंब पानावर सांडायचा. दुर्बिणीशिवाय, दहा हातांवरून. तळ्यावर इतका वेळ डोळे ताणून मला यातलं काहीही दिसलं नव्हतं.

गोठ्याच्या खुंटीला गोफण होती. सासूबाईंनी ती मागितली. सुती दोरी, मधे तळव्याएवढी विणलेली पट्टी, एका टोकाला फासा. फासा मधल्या बोटात अडकवला, दुसरं टोक चिमटीत धरलं. सरांनी "काकू, दगड नको" म्हणेपर्यंत डोक्यावरून दोन गरके झाले आणि तिसऱ्याला चिमूट सुटली. फाट्! पट्टी रिकामीच होती. नुसत्या दोरीचा आवाज. बाभूळ रिकामी झाली.

"धोंडा कशाला वाया घालवायचा?" त्या म्हणाल्या. बांगड्या अजून वाजत होत्या.

त्यांच्या लहानपणी राखणीचं हे काम बायकांचं आणि पोरांचं. रानात चार मेढी रोवून माळा बांधायचा, त्यावर अंधारात जाऊन बसायचं. भोरडी उजाडल्याबरोबर येते, ऊन तापलं की झाडाला जाते, चार वाजले की पुन्हा येते. म्हणजे पक्षी बघायची जी वेळ, तीच राखणीची. आमच्या कंपूनं कानटोपी घालून जी पहाट गाठली ती सासूबाईंनी पोरवयात अख्खा हंगाम फाटक्या घोंगड्यात गाठली, रोज. आणि उजाडायची व दुपार कलायची वेळ म्हणजे शाळा भरायची आणि सुटायची वेळ. चौथीत त्यांची शाळा सुटली ती तिथेच. "भोरडीनं माझी शाळा खाल्ली," असं त्या म्हणतात, आणि हसतात. मला त्या वाक्याला कधी हसता आलेलं नाही.

पण त्या माळ्यावर त्या जे शिकल्या ते आमच्या यादीत मावत नाही. होला एकटा-दुकटा येतो, सांडलेलं वेचतो, त्याला हाकलू नये. चिमणी कणसाच्या शेंड्याला, पोपट कणीसच मोडून नेतो. भोरड्यांचा थवा एकाएकी गप्प झाला तर वर बघावं, शिक्रा असतो. पक्षी ओळखायला दुर्बीण लागत नाही, नुकसान लागतं. ज्याच्या ताटातला घास जातो तो बरोबर ओळखतो, लांबून, पाठमोऱ्या, आवाजावरून.

सर तसे सज्जन. त्यांना राहवलं नाही. म्हणाले, "काकू, ह्या पाहुण्या आहेत. मध्य आशियातून येतात, हजारो मैल. तिकडे त्या टोळ खातात. चीनच्या शिंजियांग भागात तर लोक त्यांच्यासाठी दगडांची घरटी रचून देतात, टोळधाडीवर उपाय म्हणून."

सासूबाईंनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजे तिकडं राबायचं आन् जेवायला हिकडं यायचं?"

"असंच काही नाही, इथेही किडे खातात, अळ्या खातात..."

"कवा येत्यात?"

"जुलै-ऑगस्टपासून. एप्रिलपर्यंत असतात."

"मग पाव्हन्या कशाच्या? आठ-नऊ महिनं ऱ्हात्यात. तिकडं पाव्हन्या असतील."

सरांकडे याला उत्तर नव्हतं. पक्षीशास्त्राकडेही बहुधा नसावं. पाळणा जिथे, घर तिथे, एवढंच ते सांगतं.

मामांनी मग खरं दुखणं काढलं. शिवारात पूर्वी जिकडे तिकडे शाळू. भोरडी यायची, खायची, पण सगळ्यांचं थोडं थोडं. आता कालव्याचं पाणी आलं तिथे ऊस झाला. उसाला भोरडी लागत नाही, रानडुक्कर लागतं, पण ते वेगळं रडगाणं. तासगावकडे द्राक्षांवर जाळ्या आल्या. शाळू उरला दोघा-तिघांचा, घरापुरता आणि जनावरांच्या कडब्यापुरता. थवा मात्र तेवढाच. मामा म्हणाले, "समद्यांचा असला की वाटून खाती. एकट्याचा असला की एकट्याचाच खाती." पोरं पुण्यात, राखणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर त्याची मजुरी शाळूहून जड. यंदा बुजगावण्याऐवजी जुन्या सीडीच्या चकत्या दोरीला बांधल्यात. त्या उन्हात चमकतात. भोरड्या चार दिवस बिचकल्या, पाचव्या दिवशी त्याच दोरीवर बसून झोके घेऊ लागल्या. पुढच्या साली आपणही ऊसच लावणार, असं मामांनी सांगितलं. मग त्याच पोरांचे मित्र पुण्याहून माणशी पैसे मोजून हुरडा पार्टीला कुठेतरी जातील आणि "आहाहा, खेडं" म्हणतील. तो राग मी वेगळ्या रविवारी काढीन.

आमच्यासाठी मामींनी आगटीत कणसं भाजली. हातावर चोळून, फुंकर मारून, दाणे पत्रावळीवर. सोबत लसणाची चटणी आणि गूळ. अख्खा कंपू तुटून पडला. कुजबुजायचं सगळेच विसरले. माझ्याशी न बोलणाऱ्या दोघांपैकी एकांनी मला "चटणी इकडं सरकवा" म्हटलं, म्हणजे तेही वैर संपलं म्हणायचं. किती हुरडा खाल्ला ते मामांनी मोजलं नाही. भोरड्यांचं मात्र त्यांच्याकडे पक्कं होतं.

निघताना सरांना यादी पुरी करायची होती. यादीत प्रत्येक नावापुढे आकडा लागतो. रोहितांचा मोजून लिहिला होता, चक्रवाक दोन. भोरड्यांपाशी ते अडले. थवा उडून गेलेला, फोटो कुणाकडेच नाही. त्यांनी विचारलं, "काकू, तुमच्या अंदाजानं किती असतील?"

सासूबाईंनी बाभळीकडे बघितलं, रानाकडे बघितलं. म्हणाल्या, "दोन पायली तरी."

"पायली नाही काकू, नग."

"नग मोजून काय करू? दोन पायली गेलं आज."

सरांनी पाचशे लिहिलं. कशावरून, असं मी विचारलं, तर म्हणाले, अंदाजे.