जुना ग्रुप बंद करायची घाई कशाला?



आपल्या संस्थेचा ग्रुप जुन्या ॲपवरनं नव्या ॲपवर हलवायला सुरुवात करून दोन महिने होत आले. तरुण पोरं पहिल्याच आठवड्यात आली. आता त्यांचं म्हणणं असं की जुना ग्रुप बंद करून टाकूया, म्हणजे राहिलेले झक मारत येतील. आमचं मत वेगळं आहे. ते इथं सगळ्यांसमोर मांडतोय, पटलं तर घ्या.

आधी राहिलेत कोण ते बघा. बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या मावश्या राहिल्यात. त्यांच्या हातात मुलानं वापरून दिलेला फोन असतो, त्यात नवं ॲप टाकायला जागाच नाही. धरणावर जाळं टाकणारे वयस्कर मामा राहिलेत. कुठलं चित्र दाबायचं हे नातवानं एकदा शिकवलं होतं, ते आता कुठं बोटाला बसलंय. आणि साध्या बटणाच्या फोनवाले तर कुठल्याच ग्रुपात नव्हते. शेजारचा माणूस निरोप वाचून सांगायचा, तेवढंच त्यांचं. म्हणजे एक नाव मागं राहिलं की त्याच्या मागची दोन-तीन घरंही राहतात. हे आकड्यात दिसत नाही.

जागा बदलायची वेळ काही पहिल्यांदा आलेली नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. २९ जून २०२० ला सरकारनं टिकटॉकसकट ५९ ॲपवर बंदी घातली. आपल्या खेड्यापाड्यातल्या ज्या पोरापोरींना तिथं हजारो-लाखो लोक बघत होते, त्यांना इन्स्टाग्राम नि यूट्यूबवर परत एकापासून मोजायला लागलं. २०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपच्या नव्या अटींवरनं गाजलं, तेव्हा लोकांनी धडाधड सिग्नल आणि टेलिग्राम घेतलं. कू हे आपल्याच देशातलं ॲप, मराठीतसुद्धा चालायचं, तेही जुलै २०२४ ला बंद पडलं. २०२५ च्या सप्टेंबरअखेर झोहो कंपनीच्या अरट्टाईवर अशी झुंबड उडाली की रोजची नोंदणी ३ हजारांवरनं तीन दिवसांत साडेतीन लाखांवर गेली, असं श्रीधर वेंबूंनीच सांगितलं.

यातनं आम्ही घेतलेला धडा साधा आहे. ॲप फोनमध्ये घ्यायला दोन मिनिटं लागतात. तिथं आपली माणसं आली, निरोपाला उत्तर मिळायला लागलं, की मग ती जागा आपली होते. त्याला महिने लागतात. टिकटॉकवाल्यांना तो वेळ मिळाला नाही. आपल्याला मिळालाय. जुना दरवाजा अजून उघडा असताना तो आपल्याच हातानं का लावायचा? नवी होडी पाण्यात उतरवली म्हणून कोणी जुनी लगेच फोडत नाही. नवी कुठनं पाणी घेते का, ते एक हंगाम बघतो आणि मगच जुनीचं ठरवतो.

आणि हंगाम कुठला आहे तेही बघा. मृग तोंडावर आलाय. ऑगस्ट २०१९ ला घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय, सगळ्या नद्यांनी आपल्या जिल्ह्यात काय केलं ते सांगायला नको. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं, २०२१ च्या जुलैत परत आलं. हिडकलचं पाणी सोडणार हा निरोप नव्या ग्रुपात पडला, आणि खाली नदीला जाळं लावून बसलेला माणूस जुन्या ग्रुपात असला, तर काय करायचं? जाळं जाईल, होडी जाईल, माणूससुद्धा जाईल. त्यावेळी “आम्ही टाकला होता की मेसेज” म्हणून भागणार नाही.

किनाऱ्यावरच्या बोटमालकांना हे वेगळं सांगायला नको. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळात केरळ-तमिळनाडूकडच्या ६८ बोटी सिंधुदुर्गात किनाऱ्याला लागल्या, ९५२ माणसं वाचली. अशा वेळी घरच्यांना एकच पाहिजे असतं, आपला माणूस कुठं आहे ते कळायला. कुठल्या ॲपवर कळलं, हे कोण विचारतो?

शिवाय एकाच ॲपवर भरवसा टाकणं धोक्याचंच, नवं असो की जुनं. ४ ऑक्टोबर २०२१ ला व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम तिन्ही एकदम जवळजवळ सहा तास बंद होतं. म्हणून समुद्रावरच्यांनी वायरलेसचा १६ नंबरचा चॅनेल आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर विसरायचा नाही. आणि इकडं गोड्या पाण्यावरच्यांनी संस्थेच्या वहीत सगळ्या घरांचे फोन नंबर शाईनं लिहून ठेवायचे. ती वही कुठली कंपनी बंद करू शकत नाही.

पोरांच्या बोलण्यातही तथ्य आहे, ते मान्य. दोन ग्रुप म्हणजे दुप्पट काम. एकीकडं एक दर, दुसरीकडं दुसरा, असा घोळ होतो. ॲडमिन पोरं काम-धंदा सांभाळून हे करतात, पगार कोणी देत नाही. म्हणून कायमचे दोन ग्रुप ठेवा असं आम्ही म्हणत नाही. दसऱ्यापर्यंत ठेवा. तोवर एवढं करूया:

१. गप्पा, फोटो, वाढदिवस सगळं नव्या ग्रुपात. जुन्यात फक्त सूचना: पाणी, हवामान, दर, बैठक, मयत.

२. खात्याचं पत्रक कन्नडमध्ये येतं. ते तसंच पुढं न ढकलता मराठीत बोलून आवाजाचा निरोप टाका. वाचता न येणाऱ्यालाही कळेल.

३. नव्या ग्रुपातल्या प्रत्येक तरुणानं पाच घरं वाटून घ्यावीत. घरी जाऊन ॲप टाकून द्यायचं, समोर बसून एक निरोप पाठवून घ्यायचा. ज्याच्याकडं बटणाचा फोन आहे, त्याला पाण्याचा इशारा आला की कॉल करायचा.

४. जुन्या ग्रुपातली परवान्याची, बिलांची, विम्याची कागदं आत्ताच उतरवून घ्या.

१ जून ते ३१ जुलै किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते. ६१ दिवस बोटी वर ओढलेल्या असतात, तेव्हा मालक मंडळींनीही आपल्या खलाशांचं एवढं काम उरकून घ्यावं.

दसऱ्याला वही काढू. नव्या ग्रुपात किंवा कॉलच्या यादीत प्रत्येक घराचं नाव लागलं असेल, तर जुना ग्रुप आम्हीच बंद करू. एक घर जरी राहिलं असेल, तर आधी त्या घरी जाऊ.

पुढच्या बैठकीत यावर बोला. ज्यांना पटत नाही त्यांनी तर नक्की या.