वजन मुलाचे, जबाबदारी घराची

आमच्या शेजारची नववीतली मुलगी गेल्या वर्षी शाळेत प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. चौकशी केली तेव्हा कळले, की पंधरा दिवस ती आपला डबा मैत्रिणींना वाटून टाकत होती. वर्गात कुणी तरी ‘जाडी’ म्हणून चिडवले होते. तिने फोनवर वजन कमी करण्याचे ॲप घेतले आणि वय वाढवून सांगितले. ॲपने दिवसाला १२०० कॅलरींची मर्यादा घालून दिली, पोरीने ती स्वतःच आणखी खाली आणली. तिची आई सकाळी सातला कामावर जाते. ती मला म्हणाली, “ताई, मला वाटलं पोरगी मोबाइलवर काही तरी चांगलंच शिकतेय.”

या आईला दोष देण्यात अर्थ नाही. पण यातून आपण काही शिकले पाहिजे.

मुलांचे वाढते वजन हा आता फक्त श्रीमंतांच्या घरातला प्रश्न राहिलेला नाही. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातली सुमारे ५ टक्के मुले जास्त वजनाची आढळली, तर सुमारे २४ टक्के वयाच्या मानाने हडकुळी. म्हणजे एकाच वस्तीत, कधी एकाच घरात, दोन्ही प्रकारची मुले आहेत. आईवडील दिवसभर कामावर, मुलाच्या हातात दहा रुपये, कोपऱ्यावरच्या दुकानात कुरकुरीत पाकिटे आणि रंगीत गोड पेये. खेळायचे मैदान पार्किंगने खाल्लेले. संध्याकाळी क्लास, आणि अंधार पडल्यावर मुलीला बाहेर सोडायची भीती. अशा वेळी वजन वाढले, तर तो एकट्या मुलाचा गुन्हा कसा?

ॲप मात्र सगळा हिशेब त्या मुलाकडेच मागते. अमेरिकेतले एक उदाहरण सांगते. तिथल्या वेट वॉचर्स या कंपनीने २०१९ साली ८ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी ‘कर्बो’ नावाचे ॲप आणले. त्यात खाण्याचे पदार्थ सिग्नलसारखे हिरवे, पिवळे आणि लाल असे विभागले होते. कोवळ्या मुलांना अन्नाची धास्ती बसेल, अशी टीका आहारतज्ज्ञांनी आणि पालकांनी केली. पुढे २०२२ साली, १३ वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा केल्याच्या आरोपावरून कंपनीला १५ लाख डॉलर भरावे लागले आणि ती माहिती पुसून टाकावी लागली.

खरे तर ही सिग्नलची पद्धत मुळात वाईट नाही. लिओनार्ड एपस्टाइन या अमेरिकी संशोधकाने १९७०च्या दशकापासून ती मुलांच्या उपचारांत वापरली. पण त्याच्या उपचारात आईवडीलही सामील असत, स्वतःच्या सवयी बदलत. दहा वर्षांनी पाहणी केली, तेव्हा ज्या घरांत पालक आणि मूल दोघांनी मिळून बदल केला होता, तिथल्या मुलांचा फायदा जास्त टिकलेला दिसला. हे सूत्र विसरून नुसते रंग फोनमध्ये उचलून आणले, तर उरतो तो फक्त धाक. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२३ साली कुटुंबासह, ३ ते १२ महिन्यांत किमान २६ तास प्रत्यक्ष मार्गदर्शनाची शिफारस केली आहे. हे काम एकटे ॲप करू शकत नाही.

मग ॲप वापरूच नये का? वापरावे, पण वहीसारखे. किती चाललो, किती झोपलो, आज गोड पेय टाळले का, एवढी नोंद घरातल्या सगळ्यांनी मिळून ठेवावी. कॅलरी मोजण्याच्या भानगडीत मुलांना पाडू नये. भाकरी एका घरात तळहाताएवढी, दुसऱ्या घरात ताटाएवढी. ॲपला ते काय कळणार?

वाढत्या वयात उंचीही वाढत असते. म्हणून बऱ्याच मुलांचे वजन घटवायचे नसते, फक्त आहे तिथे थोपवायचे असते. ते डॉक्टर वय आणि उंची बघून ठरवतील. मानेवरची कातडी काळी, जाडसर दिसू लागली, पाळी अनियमित झाली किंवा झोपेत मोठ्याने घोरणे सुरू झाले, तर थांबू नका. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी सल्ला केंद्रे आहेत, आपल्याकडे त्यांना ‘मैत्री क्लिनिक’ म्हणतात. तिथे मुलाला घेऊन जा.

आणि ॲप घेताना वय खरे सांगा. २०२३ च्या आपल्या डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. पण फोनमध्ये काय चालले आहे हेच आपल्याला ठाऊक नसेल, तर ती संमती कसली?

सुरुवात आजच करता येईल. घरात कुणालाही ‘जाड्या’, ‘ढोल’ म्हणणे बंद. पाकिटाऐवजी फुटाणे, शेंगदाणे, केळे. रात्रीचे जेवण टीव्ही आणि फोन बाजूला ठेवून, एकत्र. मुलांना रोज तासभर खेळता यावे म्हणून समाजमंदिराचे अंगण मोकळे ठेवा, आणि मुली खेळत असतील तेव्हा दोन मोठी माणसे तिथे बसू द्या.

शेजारची ती मुलगी आता रोज डबा संपवते. संध्याकाळी आईसोबत अर्धा तास चालते. ॲप अजून फोनमध्ये आहे, पण त्यात आता फक्त पावले मोजली जातात. दोघींचीही.